डाउनलोडच्या आकड्यावर थांबू नकोस

संशोधनाच्या सामायिक डेटा-भांडाराचा जगाला किती उपयोग झाला, हे मोजायचं काम तुझ्याकडे आलंय. अहवालात डाउनलोडचा आकडा सगळ्यात वर टाकायचा मोह होईल, तो टाळ. प्रोटीन डेटा बँकेचंच बघ, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचं सगळ्यांना खुलं असलेलं भांडार. औषध कंपन्या तिथला सगळा साठा आपल्या सर्व्हरवर उतरवून घेतात आणि आतल्या आत वापरतात. तो वापर बाहेर दिसतच नाही. उलट एखादी आपोआप चालणारी स्क्रिप्ट तीच फाइल पुन्हापुन्हा खेचते आणि आकडा उगाच फुगतो.

त्यापेक्षा खुणा शोध. तिथल्या रचनांना चार अक्षर-अंकांची ओळख दिलेली असते. हिमोग्लोबिनच्या एका रचनेची '४एचएचबी'. संदर्भसूचीत ती अनेकदा नसते, पण निबंधाच्या मजकुरात, आकृतीखालच्या ओळीत, पेटंटमध्ये सापडते. काम किचकट आहे, पण माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच.

मग वापरणाऱ्यांना विचार: हे उद्या बंद पडलं तर काय कराल, किती वेळ आणि पैसा जाईल? उत्तरं 'अंदाज' म्हणूनच नोंदव.

आणि वरिष्ठांना घाई करू देऊ नकोस. ही बँक १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली. तिच्याच साठ्यावर शिकलेल्या अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रणालीच्या कर्त्यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. पाच वर्षांच्या अनुदानाच्या कोणत्या रकान्यात हे बसलं असतं? म्हणून जुने लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या वापराच्या नोंदी, जप. सर्व्हर बदलताना आधी तेच पुसले जातात. या आठवड्यातच त्यांची प्रत काढून ठेव.