ओझोन की क्लोरीन?

प्रश्न : साठवणीच्या टाकीत आम्ही ब्लीचिंग पावडर टाकतो. ओझोन जास्त प्रभावी आणि त्याचा वासही मागे राहत नाही, असं ऐकलं. क्लोरीन सोडून तिकडे वळावं का?

उत्तर : जंतू मारण्यात ओझोन क्लोरीनपेक्षा तेज आहे, यात वाद नाही. क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीवरही त्याची मात्रा चालते. पण तो पाण्यात काही मिनिटांतच विरून जातो. पुढे पाइपच्या सांध्यातून घाण शिरली, तर तिला अडवायला काहीच उरत नाही. शिवाय पाण्यात ब्रोमाइड (ब्रोमीनचा क्षार) असेल तर ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट तयार होतं, तेही घातकच. क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं क्लोरामाइन टिकतं जास्त, पण मारतं हळू. लांब जलवाहिन्यांसाठी ते ठीक.

मी प्रयोगशाळेत रोज पाणी तपासते. तुमच्या टाकीसाठी माझं मत क्लोरीनलाच. मात्र तो नीट वापरा. गढूळ पाणी आधी गाळून घ्या, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी घाला. अर्ध्या तासानंतर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मोकळा (अजून खर्च न झालेला) क्लोरीन उरायला हवा. पाण्याचा सामू (pH) ८ च्या वर असेल तर वेळ वाढवा, कारण क्लोरीनपासून पाण्यात बनणारं, खरं काम करणारं हायपोक्लोरस आम्ल तिथे फार कमी राहतं. आणि उघड्या डब्यातल्या पावडरीचा जोर उतरत जातो, त्यामुळे चमच्यांच्या हिशेबावर विसंबू नका. पाण्याच्या नमुन्यात डीपीडीची (क्लोरीन तपासायच्या रसायनाची) गोळी टाकून गुलाबी रंग तक्त्याशी ताडून पाहा, दरवेळी.