पेन्शन आलेल्या मेजरांचं घरात काय करायचं?

मी समुपदेशक. सातारा-सांगलीकडच्या बायका माझ्याकडे एक तक्रार हमखास घेऊन येतात. नवरा फौजेत होता तोवर घर सुरळीत चाललं होतं. तो पेन्शन आला आणि घरातल्यांना बोलायची चोरी झाली. पुढे दबक्या आवाजात येतो तो खरा प्रश्न: ‘ताई, यांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नसेल ना?’

अशाच एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून ते शिपाई म्हणूनच निवृत्त झाले, पण गावात त्यांना सगळे ‘मेजर’च म्हणतात. वय छत्तीस. पहाटे पाचला पोरांना उठवायचं, चपला ओळीत नसल्या की ओरडायचं आणि दुपारभर ओट्यावर बसून राहायचं. कँटीनची बाटली आधी रविवारी निघायची, ती आता मधल्या वारीही निघू लागली होती.

बायको म्हणाली, ‘सुट्टीला यायचे तेव्हा देवमाणूस होते.’

सुट्टीवर आलेला जवान घरात पाहुणाच असतो. मटण शिजतं, भावकी भेटायला येते आणि महिना-दोन महिन्यांत तो परत जातो. सोसायटीचं कर्ज, पोरांची शाळा, सासूचं औषधपाणी, उसाची तोड ही सगळी वर्षं तिनंच निभावली. आता दोघंही प्रमुख. तो हुकूम सोडणार, ती मनात म्हणणार, इतकी वर्षं तुमच्यावाचून अडलं होतं का? अशी भांडणं मला आजाराची कमी आणि खातेवाटपाची जास्त वाटतात.

तरी आधी आजार नाही ना, हे पाहिलं. झोप कशी लागते, दचकून उठता का, जुनं काही डोळ्यांपुढे येतं का, जीव नकोसा वाटतो का, हे त्यांना सरळ विचारलं. यातलं काही असेल तर समुपदेशकाशी गप्पा मारून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. यांच्या बाबतीत तसं काही निघालं नाही. दारूचं मात्र मी स्पष्ट बोलले.

मग विचारलं, ‘सैनिक बोर्डात जाऊन आलात का?’

‘नोकरीसाठी हात पसरायला? एटीएमच्या दारात बसवतील.’

खरी गाठ इथं होती. फौजेत रजा, रेशन, कपडे, दवाखाना सगळं ठरल्या वेळी हुकुमानं मिळतं. बाहेर हक्काच्या गोष्टीलाही अर्ज लागतो आणि अर्ज करणं त्यांना लाचारी वाटत होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षात निवृत्तीनंतरच्या कामासाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स करता येतात, तेही त्यांनी सोडले होते. घरी यायची घाई. (ज्यांच्या घरचा माणूस अजून सेवेत आहे, त्यांनी हे त्याला आत्ताच सांगावं.)

नोकरीवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. बायकोच्या पिशवीतले कागद चाळताना मला वेगळंच दिसलं. फौजेच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव, आधारवर लग्नात बदललेलं. आपल्याकडे हे घरोघरी सापडेल. पण उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर तिची कुटुंब निवृत्तिवेतनाची फाईल नेमकी इथंच अडणार. त्यांना म्हटलं, ‘हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.’

दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज बुक घेऊन स्वारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, म्हणजे त्याच सैनिक बोर्डात हजर! तिथल्या कल्याण संघटकांनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला काय पाठवायचं ते समजावलं आणि जाता जाता यांचीही नोंदणी करून घेतली. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास सैनिकाला गट ‘क’च्या अनेक पदांसाठी पदवीधरासमान धरतात, हे त्यांना तिथं कळलं. सरकारी बँकांत लिपिकाच्या जागांमध्ये माजी सैनिकांना 14.5 टक्के आरक्षण असतं, वयातून सेवेची वर्षं आणि वर तीन वर्षं वजा होतात. एटीएमचं दार आपोआप मागे पडलं. ‘मेस्को’ म्हणजे माजी सैनिक महामंडळाचीही माहिती मिळाली, पण सुरक्षारक्षकाची नोकरी नको म्हणाले. नको तर नको. पेन्शन चालू आहे, घाई कशाला?

घरात आम्ही खाती वाटली. शेत आणि सगळे सरकारी कागद त्यांच्याकडे, शाळा आणि पैशाचा हिशेब तिच्याकडे. तिच्या खात्यात बोलायचं तर आधी विचारायचं. हे सांगायला सोपं, पाळायला महाकठीण. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या केसांवरून रण पेटलं.

सगळं मार्गी लागलंय असं नाही. लिपिकाची पहिली परीक्षा हुकली. बाटली पुन्हा रविवारपुरती आली, ती बंद व्हावी असं मला वाटतं, त्यांना वाटत नाही. नावाची दुरुस्ती मात्र झाली. परवा त्यांचा फोन आला, पंतप्रधान शिष्यवृत्तीबद्दल विचारायला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला माजी सैनिकांच्या मुलींना 2019 पासून दरमहा 3,000 रुपये, पण बारावीला किमान 60 टक्के हवेत, सगळं पाठ. मुलगी नववीत आहे.

‘मेजर, अजून तीन वर्षं आहेत की.’

‘असू दे. फाईल करून ठेवलीय.’