गढी थोरल्या पातीचीच, असं कोण म्हणतं?

नमस्कार साहेब, तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. बाकीच्या वाचकांसाठी विषय थोडक्यात सांगतो, कारण असली भांडणं पुणे जिल्ह्यात काही कमी नाहीत. तुम्ही कर्वेनगरला राहता, मूळचे पुरंदर तालुक्यातले देशमुख, गावात चार बुरुजांची गढी, आत दोन चौकी वाडा, देवघर, आड. पणजोबांना दोन मुलगे. थोरल्याची पाती गढीतच राहिली, धाकट्याची म्हणजे तुमची पाती आजोबांच्या वेळी नोकरीपायी पुण्यात आली. आता थोरल्या पातीतले दादा म्हणतायत की गढी पेशव्यांनी थोरल्याला दिलेली, १९३१ मध्ये वाटणी होऊन तुम्हाला शेत मिळालं, विषय संपला, घरपट्टीपण आमच्याच नावावर आहे. आणि त्यांनी एका रिसॉर्टवाल्याकडून विसार घेतलाय म्हणे. उत्तरेकडच्या बुरुजाला जेसीबी लागला तेव्हा तुम्हाला हे सगळं कळलं. तुमचा प्रश्न एवढाच, की आपला आणि आत्याचा हक्क आहे का आणि हे थांबवता येईल का.

थांबवता येईल असं मला वाटतं. हक्काचं मात्र त्या १९३१ च्या कागदावर अडलंय, पेशव्यांवर नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण तुमच्या पत्रात पानंच्या पानं माधवराव पेशव्यांवर आहेत आणि त्या मोडी कागदावर जेमतेम दोन ओळी.

दादांनी कुलसंमेलनात वाटलेली पुस्तिका वाचायला मजा आली. पुरंदरपर्यंत जाणारं भुयार तिच्यातही आहे, आपल्याकडच्या प्रत्येक गढीतून ते निघतं आणि पलीकडून अजून कोणी बाहेर आलेलं नाही. पण ती पुस्तिका फेकू नका. अशा लिखाणाचा कोर्टात उपयोग होतो तो कोण कोणाचा मुलगा एवढं दाखवायला, मालकी दाखवायला नाही, आणि इथं तर वंशावळ दादांनी स्वतः छापलीय, तिच्यात तुमच्या आजोबांचं नाव थोरल्या आजोबांच्या शेजारी आहे, म्हणजे उद्या कोर्टात हे आमचे कोणी नाहीत असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच घालवली. सनद शोधायची हौस असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, १८१८ मध्ये एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्यात वतनं-इनामं चालू ठेवायचं वचन दिलं गेलं आणि नंतर १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशननं घराघरांचे कागद तपासले, त्या गठ्ठ्यांमध्ये तुमच्या घराण्याचं काही सापडूही शकेल. पण ते काम रिटायर झाल्यावर करा. वाटपाच्या दाव्यात सनद मिळाली काय आणि नाही काय, फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो वतनाचा, म्हणजे पिढीजात हुद्दा आणि त्यासोबतच्या जमिनीचा. देशमुखी वतनाचं काम सरकारदरबारी एकाच्या नावावर असायचं, बहुतेक ठिकाणी थोरल्याच्या, १८७४ च्या वतन कायद्यातली पद्धतच तशी होती, त्यामुळे जुन्या दप्तरात सगळीकडे थोरल्याचंच नाव दिसतं आणि पुढच्या पिढ्यांना वाटतं की मालकही तोच. तसं नाही. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा १९५० चा कायदा १ मे १९५१ पासून लागू झाला, वतन गेलं, जमीन सरकारजमा होऊन ठरलेली रक्कम भरल्यावर वतनदाराला परत दिली गेली, ज्याला रिग्रँट म्हणतात. मग ही परत मिळालेली जमीन ज्याच्या नावानं हुकूम निघाला त्याच्या एकट्याची का? कुंदगोळच्या देसायांच्या केसमध्ये नेमकं हेच भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, १९८२ चा निकाल आहे. कोर्टानं सांगितलं की थोरल्याकडेच जायची रूढी वतनाबरोबर संपली, रिग्रँट झालेली मिळकत एकत्र कुटुंबाची आणि तिचं वाटप मागता येतं. दादांच्या ‘थोरल्याला दिलेली’ या मुद्द्याला उत्तर हे आहे. तेव्हा सासवडच्या तहसील कचेरीत जाऊन रिग्रँटचा हुकूम आणि त्याच्यावरून झालेला फेरफार, दोन्हीच्या सर्टिफाइड नकला काढा. गढीची जागा वतनात लागलेली होती का नुसतं गावठाणातलं राहतं घर होतं हे त्यातूनच कळेल. आणि सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं दिसलं तर लगेच सांगा, कारण तशी जमीन मोजून वाटायला किंवा विकायला कलेक्टरची परवानगी हा प्रश्न येतो, दादांच्या विसारालाही तो येईलच.

आता तो १९३१ चा कागद. इथं मी तुम्हाला गोड बोलून चढवणार नाही. त्या काळी तोंडी वाटणीसुद्धा चालायची, आणि वाटणी आधी होऊन मग आठवणीसाठी यादी लिहून ठेवली असेल तर तिला नोंदणी लागत नाही. कागदानंच वाटणी केली असेल आणि मिळकत शंभर रुपयांच्या वरची असेल तर मात्र नोंदणी पाहिजे. शिवाय तीस वर्षांच्या वरचा कागद योग्य ताब्यातून आला तर सह्या-अंगठे खरे असं कोर्ट धरून चालू शकतं, पूर्वीचं कलम ९०, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ९२. म्हणजे तिथं ‘गढी वडील पातीस दिली, धाकट्यांचा संबंध नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं निघालं आणि आजोबांची सही असली तर तुमची केस जवळजवळ बसली, आत्यांची पण.

पण तसं निघेल असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच पाठवलेल्या फोटोत आहे. दादांनी तुम्हाला देवनागरीत टाइप करून दिलेला मजकूर आणि मूळ मोडीचा फोटो मी आमच्याकडच्या मोडीवाचकांना शेजारी शेजारी ठेवून दाखवला. दुसऱ्या पानावर तळाशी तपशिलाची यादी आहे, पाटाखालचं शेत, माळ, आंब्याची झाडं, आणि मग ‘दिंडी दरवाजा, आड व देवघर सामाईक, येणेजाणेस हरकत करू नये’. टाइप केलेल्या प्रतीत ही ओळ नाहीच! शेताची यादी संपते आणि एकदम खाली सह्या. अहो, धाकट्या पातीचा गढीशी संबंधच उरला नव्हता तर तिला दिंडीतून जायचा-यायचा आणि आडाचं पाणी भरायचा हक्क कशाला राखून ठेवतील? शेतांची वहिवाट वेगळी केली आणि राहतं घर एकत्र ठेवलं, असा तो कागद मला दिसतो. दुसरं म्हणजे डाव्या कडेला शिवणीचा दोरा दिसतोय आणि दुसऱ्या पानावरचं शेवटचं वाक्य अर्धवट आहे, म्हणजे तिसरं पान असणार. ते कुठंय हे दादांना लेखी विचारा. मूळ कागद कोर्टात हजर करायला त्यांना भाग पाडता येतं, आणि तीस वर्षांवाली ती मदत मूळ कागदाला मिळते, परवा टाइप केलेल्या प्रतीला नाही.

घरपट्टीचा मुद्दा पटकन संपवतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा त्याची यादी, त्याच्यावरून कोणी मालक होत नाही, फेरफाराचंही तेच. मात्र एक गोष्ट बघा. गावठाणांची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायची स्वामित्व योजना एप्रिल २०२० पासून सुरू आहे, तुमच्याच तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा प्रयोग झाला होता. तुमच्या गावात चौकशी होऊन पत्रिकेवर दादांचं एकट्याचं नाव लागलं असेल तर भूमी अभिलेखकडे अपील टाका. त्यानं मालकी ठरणार नाही, पण रिसॉर्टवाल्याचा वकील टायटल सर्चमध्ये तीच पत्रिका पहिल्यांदा बघणार.

दादा इतकी वर्षं एकटे राहिले म्हणून गढी त्यांची झाली, असंही होत नाही. एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरतात. मात्र ज्या दिवशी त्यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं की तुझा इथं काही संबंध नाही, त्या दिवसापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. तो दिवस कोणता, कोण कोण हजर होतं, हे आजच लिहून ठेवा.

आत्यांचं. त्यांचं लग्न १९७१ चं, त्यांचे वडील म्हणजे तुमचे आजोबा १९६८ ला गेले, म्हणून दादा म्हणतात त्यांचा प्रश्नच येत नाही. येतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना हिस्सा दिला तेव्हा आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं हे खरं, पण ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही, आणि विनीता शर्मा केसमध्ये ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ च्या त्या तारखेला हयात असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी खरोखर वाटप झालं असेल तर ते उघडता येत नाही, म्हणजे फिरून परत १९३१ च्याच कागदावर आलो. १९७८ मध्ये आत्यांकडून साध्या स्टँपवर लिहून घेतलेल्या हक्कसोडीनं घाबरू नका, स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी लागते आणि ती झालेली नाही.

आता करायचं काय. दादांना आणि रिसॉर्टवाल्याला, दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस आणि पुण्याच्या पेपरात जाहीर नोटीस, याच आठवड्यात. मग वाटप, हक्काचा जाहीर ठराव आणि मनाईचा दावा, सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. जेसीबीचे तारीख असलेले फोटो आणि गावातल्या एखाद्याचं प्रतिज्ञापत्र असलं तर बुरुजाला हात लावायचा नाही एवढा हुकूम लवकर मिळायला हरकत नाही. दावा मिळकत जिथं आहे तिथला, कोणत्या कोर्टात ते दाव्याच्या किमतीवर ठरेल. दावा टाकला की लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस सब रजिस्ट्रारकडे नोंदवा, म्हणजे नंतर कोणी खरेदी घेतली तरी तो निकालाला बांधील. तसाही राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्यानं विकत घेतला तर त्याला आत येऊन तुमच्यासोबत राहता येत नाही, आणि तो वाटप मागायला कोर्टात आला तर १८९३ च्या पार्टिशन ॲक्टच्या कलम ४ प्रमाणे तुम्ही त्याचा हिस्सा किंमत देऊन घेऊ शकता. हे त्या रिसॉर्टवाल्याला नोटिशीत स्पष्ट लिहा, विमानतळाच्या चर्चेनं भाव चढलेत म्हणून घाई करणारे लोक हा परिच्छेद वाचून बऱ्याचदा थंड होतात.

एक धोका सांगतो. चार बुरूज आणि दोन चौक दोन पात्यांत आणि पुढं सात-आठ हिश्श्यांत कसे मोजून देणार? नीट भाग पडत नसतील आणि निम्मा किंवा त्याच्या वरचा हिस्सा असलेल्यांनी मागितलं तर कोर्ट सगळीच विक्रीला काढू शकतं. बाकीच्यांना किमतीला घ्यायची संधी असते, पण आजच्या बाजारभावानं गढी घ्यायची ताकद तुमच्यात आहे का ते तुम्हीच बघा. म्हणून माझं मत विचाराल तर मनाई मिळाली की लगेच मीडिएशनला बसा. दादांनी तटाची डागडुजी केली, माळवद काढून पत्रा टाकला, रोजचा दिवा लावला, तुमची मंडळी नवरात्रात येऊन जेवून गेली, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. तो खर्च ते हिशोबात मागणारच आणि द्यायलाही पाहिजे. बाहेरचा चौक आणि पडीक जागा त्यांच्याकडे, आतला चौक आणि देवघर सामाईक, पाळीनं पूजा, असं काही ठरलं तर ते नोंदवून घ्या, नाहीतर तुमची नातवंडं मला पत्र लिहितील.

दिंडी दरवाजाचं गिऱ्हाईक आलंय असं तुम्ही ताजा कलममध्ये टाकलंत, ते खरं तर सगळ्यात वर पाहिजे होतं. कोरीव काम असलेला शंभर वर्षांच्या वरचा दरवाजा पुरावस्तूत धरला जाऊ शकतो, तसं असेल तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि परदेशी पाठवायला बंदी आहे. गढी संरक्षित स्मारकाच्या यादीत आहे का ते पुरातत्त्व खात्याच्या पुणे ऑफिसात विचारून घ्या, बऱ्याच खासगी गढ्या नसतात. तळघरात खणताना हंडा-बिंडा निघाला तर दहा रुपयांच्या वर किमतीचं जे काही असेल ते कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा अजून चालू आहे, हे दादांच्या कानावर घाला. आणि मनाईच्या अर्जात ‘बुरूज, तट व दिंडी दरवाजा’ असं नाव घेऊन लिहा, नुसतं ‘दावा मिळकत’ लिहिलं तर दरवाजा ट्रकमध्ये गेल्यावर तो मिळकतीत येतो का नाही यावर दोन तारखा जातात.

यायच्या आधी दोन्ही पात्यांच्या हयात हिस्सेदारांची नावं-पत्ते काढून आणा, मुली, नाती, परदेशातले, बोलत नसलेले सगळे. वाटपाच्या दाव्यात एक हिस्सेदार पार्टी करायचा राहिला तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो.