किराणा दुकानदाराला खासदार व्हायचं तर दुकान बंद करावं लागतं का?

नाही. वय 25 पूर्ण, देशातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव, 25,000 रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी) एवढं असलं की अर्ज भरता येतो. गल्ल्यावर बसणं कायद्याला चालतं. अडतं ते केंद्र सरकारला माल पुरवायचं कंत्राट चालू असेल तर.

आमच्या ठाणे जिल्ह्यातलं भिवंडीच घ्या. 2008 च्या पुनर्रचनेत झालेला मतदारसंघ. शहापूर-मुरबाडची खेडी आणि कल्याण पश्चिमचे टॉवर एकाच दावणीला. मुरबाडच्या दुकानदाराची उधारीची वही म्हणजे तिथली अर्धी मतदारयादीच, पण कल्याणात त्याला विचारतंय कोण? खरी गोची ही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही पडली तर अनामतही गेली. आणि हो, शपथपत्रात दुकानावरचं बँकेचं कर्जही दाखवावं लागतं.