सेरेनेड (पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली, करमणुकीसाठी रचलेली, अनेक भागांची वाद्यरचना) ऐकायला सुरुवात करताय?

मोत्सार्टच्या १७८७ सालच्या 'आइने क्लाइने नाख्टमुझिक'पासूनच सुरू करा, पण मोठ्या ऑर्केस्ट्राचं नको. प्रत्येक वाद्याच्या ओळीला एकच वादक असलेलं रेकॉर्डिंग शोधा. पाचच जण असले की मधला व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुरांचा) काय करतोय ते नीट कळतं. मग बेथोव्हनचं ओपस २५ (म्हणजे रचना क्रमांक २५) सेरेनेड घ्या: बासरी, व्हायोलिन, व्हायोला. खर्जाचं वाद्यच नाही, तरी पोकळ वाटत नाही!

नवखे हमखास करतात त्या चुका:

- सेरेनेड म्हणजे खिडकीखालचं प्रेमगीत समजून फक्त गोडगोड शोधणं. मोत्सार्टचं सी मायनर या स्वरसप्तकातलं सेरेनेड ऐकाच. दोन-दोन ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बासून (खर्जाचं फुंकवाद्य), सगळी फुंकवाद्यंच. आणि चांगलंच गंभीर.
- सुटा मिन्युएट (रचनेतला नृत्याच्या चालीचा भाग) ऐकून पुढे जाणं.

कोशेल क्रमांक (मोत्सार्टच्या रचनांच्या यादीतले), सोनाटा रचना (भागाची अंतर्गत बांधणी) वगैरे सध्या राहू द्या.