‘उपयोजित कला’ म्हणावं का? फानी चुर्बर्गच्या निमित्ताने

प्रश्न असा आलाय की फानी चुर्बर्ग या फिनलंडच्या चित्रकर्तीवर मराठीत लिहिताना ‘फिनिश उपयोजित कलेतील योगदान’ असं हेडिंग दिलं तर चालेल का.

चूक काहीच नाही. अप्लाइडला उपयोजित हे रुळलेलंच आहे, उपयोजित गणित, उपयोजित मराठी वगैरे. गोची एवढीच की आपल्याकडे ‘अप्लाइड’ म्हटलं की मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचं अप्लाइड डोळ्यासमोर येतं, म्हणजे जाहिराती, पोस्टर, लेटरिंग, पॅकेजिंग, ज्याला आधी कमर्शियल आर्ट म्हणायचे. मग वाचणाऱ्याला वाटणार बाई जाहिराती करायच्या.

चुर्बर्ग (1845–1892) मूळची फिनलंडमधल्या वासा शहरातली, ड्युसेलडॉर्फ आणि पॅरिसला शिकलेली, निसर्गचित्रं काढायची, आणि तीही गोडगोड नाहीत, चांगली वादळी आकाशं नि अंधारी जंगलं, जी तेव्हाच्या तिकडच्या लोकांच्या फारशी पचनी पडली नाहीत. 1879 मध्ये तिने पुढाकार घेऊन ‘फिनिश हस्तकलेचे मित्र’ अशा अर्थाच्या नावाची संस्था उभी केली आणि त्याच सुमारास ब्रश खाली ठेवला तो कायमचाच. पुढचं काम म्हणजे खेड्यापाड्यातले विणकाम-भरतकामाचे जुने नमुने जमवायचे, त्यावरून नवीन डिझाइन करायची आणि ती घरात वापरायच्या कापडात उतरवायची. आता याला सरळ विणकाम-भरतकाम म्हणायला काय हरकत आहे? ‘योगदान’ लिहिलं की बाईंनी नेमकं केलं काय ते सांगायचंच राहून जातं, हा शब्द आपण जरा जास्तच वापरतो असं माझं मत.

फिनिशमध्ये कापड, भांडी, फर्निचर अशा वापरायच्या वस्तूंच्या या सगळ्या क्षेत्राला ‘ताइदेतेओल्लिसूस’ म्हणतात, ताइदे म्हणजे कला आणि तेओल्लिसूस म्हणजे उद्योग. पण मराठीत ‘कलाउद्योग’ केलंत तर लोक भलताच अर्थ काढतील 😄

अजून एक. आक्सेली गालेन-काल्लेला, तोही चित्रकारच, त्याने 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी ‘लिएक्की’ म्हणजे ज्वाला नावाचं डिझाइन केलं आणि ते विणलं चुर्बर्गच्याच संस्थेने. त्या प्रकाराला र्युइयू म्हणतात, त्याचं भाषांतर गालिचा करू नका प्लीज, कारण ती मुळात लांब लोकरी गाठींची जाड पांघरायची वस्तू आणि हा ज्वालावाला तर भिंतीवरून खाली बाकावर आणि तिथून जमिनीवर उतरतो. र्युइयूच ठेवा आणि एका ओळीत समजावून सांगा.

हेडिंग मी ‘फानी चुर्बर्ग आणि फिनिश विणकाम’ एवढंच देईन. फर्निचर, सिरॅमिक सगळं एकत्र घ्यायचं असेल, म्हणजे समजा फिनलंडमधल्या पोर्वो गावच्या आयरिस कारखान्याबद्दल लिहायचंय, जिथे बेल्जियमहून आलेला फिंच हा आणखी एक चित्रकार मातीची भांडी करायचा, तर मग खुशाल उपयोजित कला वापरा, फक्त पहिल्याच वाक्यात कापड, भांडी, खुर्च्या असं काहीतरी येऊ द्या.