टाकीतला लिटर आणि ग्लासातला लिटर

मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद काल रात्री तीनदा वाचला. ‘लोक म्हणतात हेझी आयपीए महाग आहे, माझ्या कागदावर तर नफा दिसतो, मग महिनाअखेर पगाराला पैसे का उरत नाहीत?’ या तुझ्या वाक्याने माझी झोप उडवली. हाच प्रश्न मला पहिल्या ब्रुअरीत पडला होता आणि मी तो कोणालाच विचारला नाही. तू विचारलास, बरं केलंस. ही गढूळ, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांच्या वासाने भरलेली बीअर तू उत्तम बनवतेस, ते मी चाखलंय, त्यावर काही लिहीत नाही. थेट कागदावर येतो.

शेवटचा रकाना बघ. माल्ट, हॉप्स, यीस्ट, कॅन, मजुरी, भाडं, कर, सगळं नीट लिहिलंस आणि बेरजेला १००० ने भागलंस. हे १००० आले कुठून? टाकी १००० लिटरची आहे म्हणून. अगं, टाकी कोण पितं? ग्लासातला लिटर मोज. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तू लिटरमागे १६ ग्रॅम हॉप्स ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थंड बीअरमध्ये, घालतेस. एका टाकीत १६ किलो पेलेट्स. साध्या लागरचं, म्हणजे नेहमीच्या स्वच्छ पिवळ्या बीअरचं, सगळं काम लिटरमागे ग्रॅम-दोन ग्रॅमवर भागतं. पेलेट म्हणजे कोरडा, दाबलेला भुगा. तो बीअर पितो आणि फुगतो. माझ्या टाक्यांमध्ये एक किलो पेलेट्स सात-आठ लिटर बीअर घेऊन बसायचे. त्यात यीस्टचा साका, पाइपात राहिलेलं, कॅनिंग सुरू होताना सांडणारा फेस. भरले १०००, कॅनमध्ये गेले ८०० च्या आसपास. एकदा टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून तो हिरवा, चिकट चोथा बादलीत घे आणि मूठभर पिळून बघ. बोटांमधून जी धार येईल ती तुझी बीअर आहे. तिच्यावर माल्ट खर्च झालं, वीज खर्च झाली, मजुरी झाली, आणि ती नाल्यात चालली आहे. ८०० ने भाग म्हणजे प्रत्येक रकाना सव्वापट होतो. हॉप्सचाच नाही, भाड्याचासुद्धा. तुझा ‘नफा’ तिथे गेला.

इतके हॉप्स लागतातच का, हे ग्राहकाला सांगता आलं पाहिजे. कडवटपणा स्वस्त असतो. हॉप्स उकळले की त्यातली अल्फा आम्लं बदलून कडू होतात आणि थोड्या हॉप्समध्ये काम होतं. हेझीला हवा असतो वास, आंबा-संत्र्यासारखा रसरशीत, आणि तो उकळला की उडून जातो. म्हणून हॉप्स उकळी संपल्यावर आणि थंड बीअरमध्ये घालावे लागतात. थंडीत त्यातलं तेल पुरतं उतरत नाही, बरंचसं चोथ्यातच राहतं. तू वासासाठी पैसे मोजतेस आणि अर्धा वास फेकून देतेस.

त्यात हॉप्सही साधे नाहीत. सिट्रा २००८ च्या सुमारास बाजारात आला, मोझॅक २०१२ मध्ये. दोन्ही खासगी वाण आहेत, परवान्याशिवाय कोणी लावू शकत नाही. वेल उंच तारांवर चढवावी लागते, पूर्ण उत्पन्नाला साधारण तीन वर्षं लागतात, पीक वर्षातून एकदाच. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स एकट्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्याभोवती पिकतात. तिथला काढणीचा महिना बिघडला की जगभरच्या ब्रुअऱ्यांचं वर्ष बिघडतं.

मग करायचं काय? ग्रॅम कमी करायचे. तुझा चेहरा पडला असेल. पण २०१८ मध्ये ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लाफोंटेन आणि शेलहॅमर यांनी कॅस्केड नावाच्या वाणाचे हॉप्स वाढवत नेऊन बघितले. लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे मोबदला कमी होत जातो, आणि वासाचा तोल संत्रा-लिंबाकडून झाडपाल्याकडे, चहाकडे झुकतो, असं त्यांना आढळलं. सिट्रा म्हणजे कॅस्केड नव्हे, ठाऊक आहे. म्हणून कोणाचा आकडा उचलू नकोस. ८, ११, १६ अशा तीन टाक्या कर, कोणती कोणती ते न सांगता चाखायला दे, आणि प्रत्येकीतून कॅनमध्ये किती लिटर उतरले ते लिही. ८ वरून १६ वर गेलीस की हॉप्सचा खर्च दुप्पट, वास दुप्पट नाही, आणि ग्लासातले लिटर आणखी कमी. डब्यावर ‘डबल ड्राय हॉप्ड’ छापायला मिळतं म्हणून हे करू नकोस. मी केलं. २४ ग्रॅमपर्यंत गेलो होतो. घशात काटे टोचल्यासारखी जळजळ व्हायची आणि मी त्याला धाडस म्हणायचो.

‘गाळत नाही, मग महाग कशाला?’ असं तुला एकाने विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलंस. याचा मला थोडा राग आला, तुझा नाही, त्या प्रश्नाचा. न गाळणं ही बचत नाही. ओट्स आणि गव्हाची प्रथिनं, हॉप्समधली तुरट द्रव्यं (पॉलिफेनॉल्स), सगळं बीअरमध्ये तरंगत राहतं. त्यानेच ती मऊ लागते आणि त्यानेच ती नाजूक होते. थोडा ऑक्सिजन शिरला की आधी वास जातो, मग रंग. गाळलेली लागर महिनोन् महिने तग धरते, ही काही आठवड्यांत मान टाकते. म्हणून टाकीपासून कॅनपर्यंत कार्बन डायऑक्साईडने हवा हाकलत राहायची, ऑक्सिजन अब्जांशात मोजायचा, आणि पिणाऱ्याच्या हातात जाईपर्यंत थंडी सोडायची नाही. हा सगळा खर्चच आहे.

ड्राय हॉपिंगनंतर कॅन भरायची घाईही नको. हॉप्समधली एन्झाइम्स न आंबलेली साखर फोडतात आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आपण दर पिढीला नव्याने ठेच खातो. नमुना झाकणाच्या बाटलीत घे, कडक गरम पाण्यात अर्धा तास ठेव, थंड कर, हुंग. लोण्याचा वास आला तर टाकी अजून तयार नाही. टाकी अडून राहिलेले ते चार दिवसही त्याच ८०० लिटरांवर चढतात. लिही तेही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. ऑक्सिजन मोजायचं यंत्र महाग म्हणून आम्ही घेतलं नव्हतं. कॅनिंगच्या एका सीलमधून हवा शिरत होती, आम्हाला पत्ता नाही. महिन्याभराने परत आलेला कॅन उघडला. ग्लासात पिवळी धमक बीअर उतरायला हवी होती. उतरली ती करडी, जांभळट झाक असलेली, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वासाची. भागीदार म्हणाला, अर्ध्या किमतीत काढून टाकू. मी हो म्हटलं. सगळा माल विकला गेला आणि ज्यांनी तो प्यायला ते परत आले नाहीत. त्या माणसांचा रकाना कुठल्याच कागदात नसतो.

दोन वर्षांनी तसंच झालं तेव्हा मी आख्खी टाकी ओतून टाकली. भागीदाराने त्याच आठवड्यात अंग काढून घेतलं. माझ्या हट्टाने धंदा बुडाला, असं तो आजही सांगतो. बुडाला तो हॉप्सच्या करारामुळे. टंचाईच्या दिवसांत मी सिट्रा आणि मोझॅकचा पाच वर्षांचा करार केला, टाक्या वाढतील तेवढे हॉप्स लागतील असं धरून. टाक्या वाढल्या, पिणारे वाढले नाहीत, आणि न लागणाऱ्या हॉप्सचे पैसे मी शीतगृहात भरत राहिलो. २०२१ नंतर कितीतरी ब्रुअऱ्यांचं हेच झालं, याकिमातल्या शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या. करार करताना मी टाक्या मोजल्या, ग्लास मोजले नाहीत. चूक ती होती. टाकी ओतणं ही चूक नव्हती, हे मी त्याला पटवू शकलो नाही, तुला तरी पटावं.

दूरच्या शहरातला वितरक पुढच्या हंगामाचा माल मागतोय, हे तू ताजा कलममध्ये लिहिलंस, जणू किरकोळ बाब आहे. त्याच्या गोदामात कोल्ड रूम आहे का? नसेल तर नाही म्हण. ज्या बीअरपासून या शैलीचं वेड पसरलं ती अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली हेडी टॉपर. २००३ मध्ये वॉटरबरीत उघडलेल्या द अल्केमिस्टच्या पबमध्ये ती नळावर मिळायची, टाकीपासून ग्लास काही पावलांवर. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला आणि त्याच सुमारास तिचं कॅनिंग सुरू झालं. तेव्हाही त्यांनी ती आसपासच, थंड ठेवून विकली. लोक मैलोन् मैल गाडी चालवत तिकडे गेले, बीअर लोकांकडे धावली नाही. तुझ्या टॅपरूममध्ये नळावर ओतलेल्या लिटरला कॅन लागत नाही, वितरकाचा वाटा लागत नाही, वाटेत तापायची भीती नाही. आधी तो लिटर वाढव.

किंमत मात्र कमी करू नकोस. ८०० ने भागून जी येते ती लाव आणि कोणी विचारलं तर चोथ्याची बादली दाखव. मी किंमत झाकायला लेबलं भडक केली, दर आठवड्याला नवं नाव, नव्या नावाला नवे कॅन. थोडे थोडे कॅन घेतले की तेही महाग पडतात. तू दोनच बीअर ठेव आणि त्या इतक्या ताज्या विक की तारीख वाचायची कोणाला गरज पडू नये.

गुरुवारी तुझी टाकी ड्राय हॉपिंगला येते असं लिहिलंयस. ११ ग्रॅमने कर. कॅनिंगच्या दिवशी चोथ्याचं वजन कर, भरलेले कॅन मोज, आणि मला दोनच आकडे पाठव: टाकीत किती गेले, कॅनमध्ये किती आले. रात्री कितीही वाजोत, मी जागा असेन.

तुझा,
काका